उजेड दिसतो तिथपर्यंतच: दोस ओहोस आणि चाक मोल येथील सेनोटे डाइव्हिंग

दोस ओहोसच्या लाकडी पायऱ्या उतरून आम्ही पाण्याशी पोहोचलो, तेव्हा माझा धाकटा भाऊ मध्येच थबकला आणि म्हणाला, "ताई, पाणी सुरू कुठून होतंय?" त्याचा प्रश्न रास्त होता. पुढची पायरी कोरडी आहे की बुडालेली आहे, हे डोळ्यांना कळतच नव्हते. बोटभर लांबीचे मासे हवेत टांगल्यासारखे स्थिर होते आणि त्यांच्या सावल्या चार हात खाली पांढऱ्या खडकावर पडल्या होत्या. भावाने वाकून बोट बुडवले, वलय उमटले, आणि तेव्हा कुठे पाणी दिसले.

हे परीक्षण मेक्सिकोच्या किंताना रो राज्यातील तुलुम येथे घालवलेल्या चार दिवसांचे आहे. तिथल्या सेनोटेंमध्ये, म्हणजे छत कोसळल्यामुळे उघड्या पडलेल्या गोड्या पाण्याच्या गुहांमध्ये, आम्ही स्थानिक गाइडबरोबर चार बुड्या मारल्या. पहिल्या दोन दोस ओहोस येथे आणि नंतरच्या दोन चाक मोल व त्याला लागूनच असलेल्या कुकुलकान येथे. पाचवी बुडी ठरली होती, ती झाली नाही. ती का झाली नाही हे पुढे सविस्तर सांगणार आहे, कारण ज्या संस्थेबरोबर आम्ही गेलो तिच्याविषयीचे माझे मत त्याच प्रसंगाने पक्के झाले. भाऊ नोकरीनिमित्त डॅलसला असतो आणि मी पुण्याहून गेले होते. पाण्याखाली पहिला श्वास आम्ही दोघांनीही तारकर्लीच्या समुद्रात घेतला, पुढचे प्रशिक्षण अंदमानात पूर्ण केले, आणि या प्रवासापूर्वी दोघांच्याही वहीत चाळीसेक बुड्यांची नोंद होती. त्यातली एकही डोक्यावर छत असलेल्या पाण्यातली नव्हती.

छताखालच्या पाण्याची भीती मात्र लहानपणापासूनची होती. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी मळ्यातल्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून, आम्ही पोहायला शिकलो. त्या विहिरीच्या एका अंगाला पाण्याखाली कपार होती, आणि आजोबा काठावर बसून रोज न चुकता बजावत असत, "कपारीकडं फिरकायचं न्हाई." उन्हाळ्यात पाणी उतरले की त्या कपारीचे काळे तोंड दिसायचे आणि आम्ही विरुद्ध बाजूनेच उड्या मारायचो. ज्यांचे बालपण विहिरीवर गेले आहे, त्यांना ही भीती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. वर यायचे ठरवले तरी वर खडकच आहे, ही कल्पनाच छातीत धडकी भरवणारी असते. सेनोटेमधील डाइव्हिंग म्हणजे त्या कपारीत जाणे आहे, एवढे लक्षात ठेवूनच पुढचे सर्व वाचावे.

आपल्या विहिरीतली कपार आणि युकातान द्वीपकल्पातल्या या गुहा यांत खडकाचा मोठा फरक आहे. आपल्याकडचा काळा पाषाण पावसाच्या पाण्यात असा विरघळत नाही, तर युकातानची जमीन जवळजवळ सगळी चुनखडीची आहे. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी झालेले पावसाचे पाणी ही चुनखडी हळूहळू खाते, त्यामुळे पाणी जमिनीवरून वाहण्याऐवजी सरळ खाली मुरते. द्वीपकल्पाच्या उत्तर भागात नकाशावर नदी सापडत नाही त्याचे कारण हेच आहे. नद्या आहेत, पण त्या जमिनीच्या पोटातून वाहत समुद्राला मिळतात. एखाद्या ठिकाणी गुहेचे छत पातळ होऊन खचले की जे तोंड उघडते, त्याला माया लोक आपल्या भाषेत जे म्हणत, त्याचेच स्पॅनिश रूप सेनोटे असे झाले. माया संस्कृतीतली गावे आणि नगरे या पाण्याच्या आधाराने वसली, चाक या पर्जन्यदेवतेला इथेच आळवले गेले, आणि पाताळाची, त्यांच्या भाषेत शिबाल्बाची, वाटही याच पाण्यातून जाते असे मानले गेले.

पाण्याखाली लवणस्तंभ कसे, असा प्रश्न शाळेत भूगोल नीट शिकलेल्या कोणालाही पडेल. छतातून ठिबकणाऱ्या थेंबातला चुना साचून लवणस्तंभ तयार होतो, आणि थेंब पडायला हवा लागते. याचे उत्तर हिमयुगात आहे. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी पृथ्वीवरचे इतके पाणी बर्फात अडकले होते की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होती. त्या काळी, आणि त्याआधीच्या हिमयुगांतही, या गुहा कोरड्या होत्या, थेंब पडत होते, आणि हजारो वर्षे वरून उतरणारे व खालून चढणारे स्तंभ वाढत होते. बर्फ वितळले, समुद्र चढला, गुहा भरल्या, आणि स्तंभांची वाढ जिथल्या तिथे थांबली. मध्ये चार बोटांचे अंतर उरलेले, एकमेकांना कधीच न मिळालेले दोन स्तंभ मी दोस ओहोसमध्ये पाहिले. ते अंतर आता या समुद्रपातळीत भरून निघणार नाही. पाणी उतरेल आणि पुन्हा थेंब पडू लागेल तेव्हाच त्या वाढीला पुढे सुरुवात होईल.

मराठीत आपण सगळ्यालाच गुहा म्हणतो, पण या क्षेत्रात दोन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवले जातात आणि ग्राहकाने पैसे भरण्यापूर्वी ते समजून घ्यावेत. ‘कॅव्हर्न’ म्हणजे गुहेचा तोंडाजवळचा भाग, जिथून सूर्यप्रकाश दिसत राहतो. ‘केव्ह’ म्हणजे त्यापलीकडचा संपूर्ण अंधार. आमच्यासारख्या, समुद्रात शिकलेल्या पाणबुड्यांना गाइडसह फक्त पहिल्या भागात जाता येते. नैसर्गिक उजेड सतत दिसला पाहिजे, उघड्या पाण्यापासून 60 मीटरपेक्षा दूर जायचे नाही, कायम बांधलेल्या दोरीलगतच राहायचे, एका गाइडमागे जास्तीत जास्त चार माणसे, आणि तो गाइड स्वतः पूर्ण गुहा-प्रशिक्षित असून त्या तयारीची सर्व साधने त्याच्या अंगावर असली पाहिजेत, असे नियम आम्हाला सांगण्यात आले. हवेचा हिशेब तिसऱ्या हिश्श्याचा असतो. टाकीतली एक तृतीयांश हवा आत जाण्यासाठी, एक तृतीयांश परतीसाठी, आणि उरलेली एक तृतीयांश दुसऱ्या कोणावर वेळ आली तर त्याच्यासाठी. हे नियम कोणी खोलीत बसून रचलेले नाहीत. अमेरिकेतील शेक एक्सली या नामवंत गुहा-पाणबुड्याने फ्लोरिडातल्या अपघातांचा एकेक करून अभ्यास केला आणि 1970 च्या दशकात त्यांतून दोरी, हवा, खोली, दिवे यांविषयीची शिस्त मांडली. तेच एक्सली 1994 मध्ये मेक्सिकोतल्याच साकातोन या अतिखोल कुंडात विक्रमी बुडीच्या प्रयत्नात मरण पावले.

आईला हे सगळे सांगताना मी एक्सलींचा विषय काढला नव्हता, तरी फोनवर तिचा पहिला प्रश्न "त्या थायलंडच्या पोरांसारखं तर नाही ना?" असाच होता. 2018 साली थाम लुआंग गुहेत बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले, तेव्हा पाणी उपसण्याच्या कामात किर्लोस्कर ब्रदर्सच्या तज्ज्ञांनी मदत केली होती. किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यातली, त्यामुळे ती बातमी आमच्या घरी घरच्या माणसाची बातमी असल्यासारखी वाचली गेली होती. मी आईला फरक समजावून सांगितला. त्या गुहेत पाणी गढूळ होते, वाहते होते आणि अंधार पूर्ण होता. आम्ही जाणार होतो तिथे पाणी स्थिर, स्वच्छ, आणि उजेड नजरेच्या टप्प्यात. "उजेड दिसतो तिथपर्यंतच जा म्हणजे झालं," असे म्हणून तिने विषय संपवला. तिला कोणी शिकवले नव्हते, तरी कॅव्हर्न डाइव्हिंगची व्याख्या तिने एका वाक्यात केली होती.

आता सेवेविषयी. आम्ही सुरुवातीला ज्या दुकानात पैसे भरले होते, त्यांच्याबरोबर आम्ही पाण्यात उतरलोच नाही. सकाळी साडेसातला तिथे पोहोचलो तेव्हा एका गाइडमागे सहा माणसे होती. त्या गाइडच्या पाठीवर आमच्यासारखीच एक टाकी होती आणि आम्हाला प्रत्येकी एकच टॉर्च मिळाला, ज्यातला माझा हलवल्यावर पेटत होता. आमच्या प्रशिक्षणाची कार्डे कोणी मागितली नाहीत, शेवटची बुडी कधी मारली हेही विचारले नाही. मी गाइडला माणसांची संख्या विचारली, तेव्हा त्याने हसून, आत सगळे ओळखीचे आहे, काळजी करू नका, असे सांगितले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि सामान उचलून बाहेर आलो. आगाऊ भरलेली रक्कम परत मिळाली नाही. त्या पैशांचे दुःख मला आजही वाटत नाही, पण मागे राहिलेल्या चौघांना आम्ही स्पष्ट शब्दांत सावध करायला हवे होते आणि ते आम्ही केले नाही, याची खंत मात्र आहे.

दुसरी संस्था लहान होती. दोन गाइड, एक गाडी, घरामागच्या अंगणात धुतलेल्या टाक्या. त्यांनी कार्डे पाहिली, वह्या उघडून शेवटच्या दहा नोंदी वाचल्या, आणि मग आमच्या गाइडने पाऊण तास घेतला. हा पाऊण तास म्हणजे या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग होता, असे माझे ठाम मत आहे. त्याने अंगणातल्या दोन झाडांना दोरी बांधली, आम्हाला डोळे मिटायला लावले, आणि अंगठा व तर्जनीचे कडे करून, दोरीला न ओढता, तिच्या आधाराने चालायला लावले. दिव्याची भाषा शिकवली: भिंतीवर सावकाश गोल फिरवला तर सर्व ठीक, वेगाने आडवा हलवला तर मदत हवी. स्नॉर्कल, हातमोजे आणि सुरी गाडीतच ठेवायला लावली. स्नॉर्कल दोरीत अडकते, आणि हातात मोजा असला की माणूस नको तिथे हात टेकवतो. पाय वर-खाली मारण्याची समुद्रातली सवय सोडून बेडकासारखे बाजूला ढकलायचे, असे सांगून त्याने आम्हाला अंगणातल्या बाकावर पालथे झोपवून तो हात, म्हणजे खरे तर तो पाय, घोटून घेतला. गोड्या पाण्यात शरीर समुद्रापेक्षा कमी तरंगते म्हणून आमची वजनेही त्याने कमी केली आणि पाण्यात उतरल्यावर पुन्हा एकदा तपासली.

दोस ओहोस म्हणजे दोन डोळे. शेजारी शेजारी उघडलेली दोन तोंडे एकाच गुहेत उतरतात. पहिल्या बुडीच्या वाटेला बार्बी लाइन म्हणतात, कारण वाटेवर कोणीतरी ठेवलेली बार्बी बाहुली आणि प्लॅस्टिकची मगर आहे. मला ती जोडी तिथे अजिबात रुचली नाही, कारण त्या जागेला कसल्याही सजावटीची गरज नाही. वाट उथळ आहे, दहा मीटरच्या आसपासच सर्वाधिक खोली, आणि आम्ही पंचेचाळीस मिनिटे आत होतो.

पहिल्या पाच मिनिटांत मी काहीच पाहिले नाही, फक्त श्वास मोजला. मग डावीकडे स्तंभांचे एक दालन उघडले आणि मी श्वास मोजायचे विसरले. पाणी इतके निवळ होते की आपण पोहत आहोत ही जाणीवच हरपते. देवळाच्या सभामंडपात खांबांमधून कोणीतरी आपल्याला अलगद उचलून नेत आहे, असे वाटते. काही खांब माणसाच्या कवेत न मावणारे, काही काडीसारखे बारीक आणि आतून पोकळ. गाइडने एका बारीक नळीमागे दिवा धरला तेव्हा ती मेणबत्तीसारखी आतून उजळली आणि तिच्यातली वलये एकेक दिसली. त्याच क्षणी त्याने तळहात आडवा धरून आम्हाला दोन हात मागे थांबवले. उजवीकडे, स्तंभांच्या फटींतून, दुसऱ्या डोळ्यातून आलेला निळा उजेड होता. खोल निळा, कडेला हिरव्याकडे झुकणारा, आणि त्यात झाडांची मुळे केसांच्या बटांसारखी लोंबत होती. संपूर्ण बुडीत तो उजेड कधी समोर, कधी मागे, कधी खांबाआड एका रेषेइतका, पण दिसत राहिला. समुद्रात आपण मासे पाहायला जातो. इथे पाहण्यासारखा आहे तो अवकाश, आणि त्या अवकाशाला आकार देणारा उजेड. इतक्या वर्षांत मी पाण्याखाली याहून सुंदर काही पाहिलेले नाही.

एका वळणावर आमची दोरी डावीकडे वळली आणि सरळ समोर, अंधाराच्या तोंडाशी, एक फलक होता. हातात कोयता घेतलेला सांगाडा आणि इशारा: यापुढे जाऊ नका, जीव गमवावा असे या गुहेत काहीही नाही. फलकामागे दालन तसेच पुढे जात होते, तितकेच सुंदर, किंबहुना अधिकच. दिव्याचा झोत जिथवर पोहोचला तिथवर खांबच खांब होते. त्या क्षणी पुढे जावेसे वाटले हे मी प्रामाणिकपणे नोंदवते, कारण हा मोह प्रत्येकाला होणार आणि त्यासाठीच तिथे फलक आहे. गाइड फलक आणि आमच्यामध्ये आडवा थांबला होता. त्याने भावाच्या हवेचा काटा पाहिला. 200 वर सुरू झालेला काटा 140 वर होता. त्याने अंगठ्याने परतीची खूण केली. दोन्ही बुड्यांत असे एकदाही झाले नाही की त्याने आमचा काटा पाहण्याआधी आम्हालाच तो दाखवावा लागला.

दुसऱ्या बुडीची वाट वटवाघळांच्या घुमटाकडे जाते. ही अधिक काळोखी आणि अधिक अरुंद वाट आहे, शेवटी हवेने भरलेल्या घुमटात डोके वर काढता येते आणि छताच्या लहानशा भोकातून आलेल्या उजेडात वटवाघळे दिसतात. चांगली होती, पण पहिल्या बुडीचा ठसा इतका गडद होता की दुसरीला मी पूर्ण न्याय देऊ शकले नाही.

दुपारी झाडाखाली डब्यातले खाताना गाइडने आम्हाला खालच्या पसाऱ्याची कल्पना दिली. 2018 च्या जानेवारीत दोस ओहोस आणि शेजारची साक आक्तुन ही गुहाप्रणाली पाण्याखालून जोडलेली असल्याचे सिद्ध झाले आणि त्या वेळी तिची एकत्रित लांबी 347 किलोमीटर भरली. याच प्रणालीत ओयो नेग्रो नावाचा एक प्रचंड खड्डा आहे, पर्यटकांसाठी बंद. 2007 मध्ये तिथे पोहोचलेल्या पाणबुड्यांना नामशेष झालेल्या प्राण्यांच्या हाडांबरोबर एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचा सांगाडा सापडला. तिला नाइया असे नाव देण्यात आले. ती सुमारे 12,000 ते 13,000 वर्षांपूर्वी, गुहा कोरडी असताना, अंधारात चालता चालता त्या खड्ड्यात पडली असावी, असे संशोधकांचे मत आहे. या भागातल्या इतर गुहांमध्ये त्याच काळातल्या माणसांनी गेरू खणल्याच्या खुणा सापडल्या आहेत, त्याचे संशोधन 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. उजेडासाठी पेटवलेल्या लाकडांचा कोळसा आणि हत्यार म्हणून वापरलेले मोडके लवणस्तंभ आजही पाण्याखाली जसेच्या तसे आहेत. आपण दारापुढे लावतो तो गेरू. त्यासाठी माणसे हातात पेटते लाकूड घेऊन, मी सकाळी ज्या प्रकारच्या दालनांतून पोहत गेले तशाच दालनांतून, पायी चालत गेली होती. हे ऐकल्यानंतर स्तंभाला बोटही न लावण्याचा नियम मला कोणी पुन्हा सांगण्याची गरज उरली नाही.

दुसऱ्या दिवशीचे चाक मोल वेगळ्याच कारणासाठी पाहावे. इथे किनारा जवळ आहे, आणि समुद्राचे खारे पाणी खडकातून आत शिरून गोड्या पाण्याच्या खाली पसरलेले आहे. दोन्ही पाण्यांची घनता वेगळी असल्यामुळे ती सहजासहजी मिसळत नाहीत आणि दहा-बारा मीटरवर त्यांच्यामध्ये एक सीमा तयार होते. तिला हॅलोक्लाइन म्हणतात. वरून पाहिले तर खाली तळ्याचा पृष्ठभाग असल्यासारखा वाटतो, म्हणजे पाण्यात बुडालेले असताना आपण पुन्हा एका पाण्यावर तरंगत असतो. त्या सीमेत शिरलो आणि चष्म्यावर तुपाचा हात फिरवावा तसे सगळे विरघळून गेले. पुढचा भाऊ, दोरी, माझा स्वतःचा हात, सर्वांच्या कडा वितळल्या. दोन हात खाली गेले आणि चित्र पुन्हा लख्ख झाले, पाणी किंचित कोमट लागले, आणि शरीर एकदम हलके होऊन वर येऊ लागले. ज्यांना पाण्यात शरीर एका पातळीवर स्थिर ठेवता येत नाही, त्यांनी इथे येण्याची घाई करू नये. ही धूसर सीमा केवळ गंमत म्हणून पाहण्याची नाही, कारण गोडे आणि खारे पाणी मिसळते तिथे चुनखडी अधिक जोमाने विरघळते आणि या गुहा कोरण्यात तिचा मोठा वाटा आहे. ज्या करवतीने हे दालन कापले, तिच्या पात्यातून आपण आरपार जात असतो.

इथेच भावाची चूक झाली. हॅलोक्लाइनमध्ये गोंधळून त्याने समुद्रातल्यासारखा पाय मारला, पायातले फिन, म्हणजे रबरी पंख, तळाला लागले, आणि पिठाची गोणी फुटावी तसा पांढरा गाळ उठला. दोनतीन सेकंदांत त्याचे पाय दिसेनासे झाले. उजेड मागे स्पष्ट होता, दोरी हाताशी होती, तरीही माझ्या पोटात खड्डा पडला. गाइड आमच्या पुढे होता, पण दिव्याचा झोत आमच्यावर पडायला क्षणाचाही उशीर झाला नाही. त्याने भावाचा हात धरून दोरीवर ठेवला, दिवा सावकाश गोल फिरवला, उत्तर म्हणून दोघांचेही गोल येईपर्यंत थांबला, आणि मग आम्हाला गाळाच्या बाजूने बाहेर काढले. वर आल्यावर तो रागावला नाही. त्याने काय झाले ते क्रमाने सांगितले आणि अर्धा तास उघड्या पाण्यात भावाकडून पाय मारण्याचा सराव करून घेतला, त्यानंतरच कुकुलकानमध्ये नेले. तिथे भर दुपारी, सूर्य माथ्यावर असताना, उजेडाचे झोत मंडपाच्या पडद्यांसारखे पाण्यात उतरतात. आमच्या वाट्याला ते पंधरा मिनिटे आले आणि मग ढग आला.

उणिवा आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत. भाड्याच्या पोशाखांत लहान मापांची फार कमतरता होती. माझा पाच मिलिमीटरचा सूट कमरेत ढिला होता आणि 25 अंशांच्या पाण्यात दुसऱ्या बुडीच्या शेवटी मला हुडहुडी भरली. दोस ओहोसला अकरानंतर पोहणाऱ्यांची गर्दी इतकी होते की पायऱ्यांवर पाठीवरच्या टाकीसह ताटकळत उभे राहावे लागते, म्हणून पहिली बुडी नऊच्या आत व्हायला हवी होती, आणि संस्थेने आम्हाला तासभर उशिरा नेले. किंमत कमी नाही. दोन बुड्यांच्या एका दिवसाला या भागात माणशी 150 ते 200 डॉलर पडतात, आणि सेनोटेचे प्रवेशशुल्क त्यात धरले आहे की नाही हे आधीच विचारून घ्यावे. आमच्या बाबतीत ते धरलेले नव्हते आणि संस्थेने ते ठळकपणे सांगायला हवे होते.

तिसऱ्या दिवशी आन्हेलिताची बुडी ठरली होती. तिथे सुमारे 30 मीटरवर, कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून तयार झालेल्या हायड्रोजन सल्फाइडचा ढग पाण्यात तरंगतो आणि त्यातून बुडालेल्या झाडांच्या फांद्या वर येतात. या प्रवासाचे आमचे मूळ आकर्षण तेच होते. सकाळी गाइडने भावाला नाक चिमटीत धरून कान मोकळे करून दाखवायला सांगितले. त्याला आदल्या रात्रीपासून थोडी सर्दी होती आणि डावा कान उघडेना. मग गाइडने माझी वही पुन्हा पाहिली, माझी सर्वांत खोल बुडी 22 मीटरची होती. त्याने दोघांनाही नाही म्हटले. भाऊ बराच वेळ त्याची समजूत घालत राहिला, इतक्या लांबून आलो आहोत, पुन्हा येणे कधी होईल सांगता येत नाही, जबाबदारी आमची, वगैरे सगळे बोलून झाले. गाइडने शांतपणे ऐकून घेतले आणि त्या दिवसाचे पूर्ण पैसे मोजून टेबलावर ठेवले. पहिल्या दुकानाने आमचे पैसे ठेवून घेतले होते आणि आम्हाला नेण्याची त्यांची तयारी होती. या माणसाने पैसे परत केले आणि नेले नाही. या दोन सकाळींमधला फरक हेच माझे परीक्षण आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यावहारिक. भावाकडे आणि माझ्याकडे अमेरिकेचा वैध व्हिसा असल्यामुळे मेक्सिकोचा वेगळा व्हिसा आम्हाला लागला नाही. कानकुनहून तुलुमला बसने जाता येते. अंगाला सनस्क्रीन किंवा डासांचे मलम लावून पाण्यात उतरू देत नाहीत, आधी आंघोळ करावी लागते, आणि हा नियम मनापासून पाळावा, कारण वरून पडलेले सर्व काही या पाण्यातच मुरते आणि हेच पाणी पुढे प्रवाळांपर्यंत जाते. शहरे वाढत आहेत, सांडपाणी वाढत आहे, आणि माया रेल्वे या नव्या रेल्वेमार्गाच्या प्लाया देल कार्मेन ते तुलुम या टप्प्यासाठी रोवलेले पोलादी खांब काही ठिकाणी थेट गुहांच्या छतातून खाली उतरले आहेत. स्थानिक पाणबुड्यांनी त्याची छायाचित्रे जगापुढे आणली आहेत. हजारो वर्षे थेंबाथेंबाने वाढलेल्या स्तंभांच्या शेजारी गंजणारा खांब उभा असल्याचे ते चित्र पाहून मला झोप लागली नव्हती. ज्या गाइडांचे पोट या पाण्यावर आहे तेच आज त्याचे सर्वांत जागरूक राखणदार आहेत, आणि आपण पैसे कोणत्या गाइडला देतो याला म्हणूनही महत्त्व आहे. गाइड निवडताना माणसांची संख्या, त्याच्या पाठीवरच्या टाक्या, आणि तो तुम्हाला किती प्रश्न विचारतो, एवढे तीनच निकष पुरेसे आहेत.

परतीच्या दिवशी आम्ही त्याच अंगणात पुन्हा गेलो आणि पुढच्या फेब्रुवारीतल्या कॅव्हर्न प्रशिक्षणासाठी दोघांची नावे दिली. आन्हेलिताचे त्यानंतर पाहू, असे गाइड म्हणाला, आणि माझ्या वहीत चौथ्या बुडीच्या नोंदीखाली त्याने सही केली. त्या नोंदीत खोली आहे, वेळ आहे, पाण्याचे तापमान आहे, आणि शेऱ्याच्या रकान्यात मी मराठीत ‘उजेड पूर्णवेळ दिसत होता’ एवढेच लिहिले आहे.